नऊ वर्षांचं एकच मागणं

माझ्या रोजच्या प्रार्थनेत नऊ वर्षं एकच मागणं होतं: प्रभू, माझी चामोर्शीला बदली कर. आधी स्तुतीची दोन वाक्यं, मग पापांची कबुली घाईघाईत उरकायची, आणि मग हे. कधी तर स्तुतीलाही फाटा द्यायचे. देवाला सगळं माहीतच आहे, उगाच कशाला पाल्हाळ, असं म्हणून थेट मुद्द्यावर यायचे. स्वभावच तसा. आई म्हणायची, "तू देवाशी बोलत नाई वं, त्याच्या मागं लागतं."

मी सरकारी नर्स. हेमलकशाच्याही पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रात माझी पहिली नेमणूक झाली आणि तिथेच मी चिकटले. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे ओसरी, आणि ओसरीला लागून दवाखान्याची खोली. गाव माडिया लोकांचं. धान पेरावं, मोहफुलं वेचावी, तेंदूपत्ता तोडावा, आपल्या देवांना मानावं आणि मोजकं बोलावं, अशी माणसं. पावसाळ्यात मधली नदी चढली की आम्ही आठ-आठ दिवस जगापासून तुटलेले. मोबाइलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर, तीही एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर. त्या दगडावर उभी राहून मी रोज संध्याकाळी आईशी बोलायचे आणि अंधार पडेपर्यंत तिथून उतरायचे नाही. सवय होईल, सवय होईल म्हणतात लोक. मला नाही झाली बुवा.

आई चामोर्शीला एकटी. वडील मी नर्सिंगला असतानाच गेले. मी एकुलती एक. माझं लग्न काही जमलं नाही, आणि पुढे जमवायचं राहूनच गेलं. आईनं उभा जन्म एका वसतिगृहात मुलींसाठी भात रांधला. शिक्षण चौथी, पण बायबल रोज वाचायची, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. तिला समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं काही नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, चुलीशी हात भाजायचा. फोनवर विचारलं की म्हणायची, "काई नाई झालं. तू आपलं पाय." हात भाजल्याचं मला शेजारणीकडून कळायचं.

मला एकच हवं होतं. तिचे डोळे पुरते जायच्या आत, आणि ती स्वतः जायच्या आत, तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. सकाळी तिच्या हातचा चहा, संध्याकाळी दोघींनी मिळून प्रार्थना, रविवारी तिचा हात धरून चर्चला जाणं. एवढंच. मोठी मागणी होती का? मला तर नाही वाटत. लोक देवाकडे काय काय मागतात.

रविवार फार कठीण जायचा. जवळचं चर्च एसटीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. नऊ वाजले की चामोर्शीला घंटा होत असेल, आई पदर सावरत दुसऱ्या बाकावर बसत असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे यायचं. मी ओसरीवर बायबल घेऊन बसायचे आणि एकटीच गीत म्हणायचे. आवाज माझा बेताचाच. समोर कोंबड्या माती उकरत असायच्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत रडू फुटायचं, मग मी पुस्तक मिटून कपडे धुवायला बसायचे. किती रविवार असे गेले असतील, देव जाणे.

बदलीचा अर्ज मी दर मे महिन्यात भरायचे. त्यात कारणाचा रकाना असतो. त्यात मी दर वर्षी तेच वाक्य लिहायचे, की माझी आई वृद्ध आहे व ती एकटी राहते. आणि दर वर्षी तेच उत्तर यायचं, की तुमच्या जागी यायला कोणी तयार झालं की तुम्हाला सोडू. आता इथे कोण तयार होणार? ज्या पोरी यायच्या त्या नदी बघून परत जायच्या. मी साहेबांशी भांडले, कागद आपटले, घरी येऊन देवाशीही भांडले. साहेब निदान चहा तरी विचारायचे.

आठव्या वर्षी माझं डोकं फिरलं.

तालुक्याला मीटिंगला गेले होते. तिथे एका ओळखीच्या बाईनं सांगितलं की तिनं देवीला नवस बोलला, गूळ सोडला, आणि चार महिन्यांत तिच्या लेकाचं काम झालं. आमच्यात नवस करत नाहीत. लहानपणापासून ऐकलंय, आपला देव लाच घेत नाही. पण त्या दिवशी एसटीत बसल्याबसल्या माझ्या मनात आलं, गूळ सोडून तिचं होतं तर माझं का नाही? ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरूच होणार होते. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी चहा सोडतं, कोणी मटण. मी ठरवलं, भात सोडायचा. आणि चाळीस दिवसांनी धरायचा नाही. प्रभू, माझी बदली होईपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही.

आमच्या झाडीपट्टीत भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आम्ही सकाळी भात खातो, दुपारी भात, रात्री भात. पोळी असते ती पाहुण्यांना दाखवायला. भाताची चव मी आईच्या मांडीवर बसून शिकलेली. पहिल्या आठवड्यात मला स्वप्नात भाताची वाफ दिसायची. पण मी हट्टाला पेटले होते. तालुक्याहून कणीक आणायची, दोन पोळ्या लाटायच्या, आणि लाटताना देवाला ऐकवायचं, बघ, बघतोस ना? कोणाला सांगितलं नाही. आईला तर मुळीच नाही. पाळकांनी विचारलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? ख्रिस्ती बाई आणि नवस.

ईस्टर गेला, मे गेला, अर्ज गेला, उत्तर तेच आलं. मी भात धरला नाही. आता नवस मोडला तर आजवरचं वाया जाईल, असा माझा हिशेब.

या गावची एक रीत आहे. बाळंतपण जिच्या हातून होतं तिनं त्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, भात जेवायचा. ती जेवल्याशिवाय बाळ घराचं झालं असं धरत नाहीत. नाव ठेवत नाहीत, शेजारी बघायला येत नाहीत. पहिल्या वर्षी मला हे कळलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, की यांच्या देवाधर्माचं आपण खावं का. ती म्हणाली, "भात कोणं देल्ला? देवबापानं. आभार मान अन् खा." तेव्हापासून मी गावात घरोघर जेवलेली. पळसाच्या पानावर भात, वर अंबाडीची भाजी. जेवून उठले की म्हातारी कोणीतरी माझ्या हाताला हात लावायची आणि घरातली सगळी हसायची.

त्या वर्षी पावसाळ्यात माझ्या हातून दोन बाळंतपणं झाली. दोन्ही घरचं बोलावणं आलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय, नंतर येते. नंतर गेलेच नाही. नवं धान निघालं, गावानं आपली पूजा केली आणि नव्या तांदळाचा भात पानात बांधून घरोघर वाटला. माझ्याही दारात एक पोरगी पान घेऊन आली. मी घेतलं, आत नेलं, आणि मागच्या दारी कोंबड्यांना घातलं. कोणी बघितलं नाही असं मला वाटलं. अहो, जंगलातलं गाव ते. तिथे पानाला धक्का लागला तरी चार घरी कळतं.

मग गाव गप्प झालं. आधीच कमी बोलणारी माणसं, त्यामुळे मला कळायलाही वेळ लागला. लसीकरणाच्या दिवशी चारच बायका आल्या. वाटेत दिसणाऱ्या वळून दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. आमची आशाताई त्याच गावची. तिला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "काई नाई, मॅडम, कामाचे दिवस हायेत." मी मनात म्हटलं, बरंच झालं. माझा जीव कुठे इथे आहे?

नाताळला तीन आठवडे होते. एका पोरीची तारीख जवळ आली होती. पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. मी तिला सारखं सांगत होते की कळ आली की लगेच निरोप पाठव. निरोप आला नाही. एका सकाळी आशाताई धापा टाकत आली. पोरगी दोन दिवसांपूर्वीच घरी बाळंत झाली होती, बाळ बरं होतं, पण तिला सणकून ताप भरला होता आणि ती बरळत होती.

मी धावत गेले. दारात तिची सासू उभी. हटेना. मी ओरडले, दोन दिवस काय करत होता, मला का नाही बोलावलं? म्हातारी माझ्यावर रागावली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत तिनं शांतपणे सांगितलं.

"तुमी आमचा भात खात नाई, बाई. त्या दोन घरचे लेकरं तसेच हायेत, नाव नाई त्याईले. मंग माह्या नातवाले कायले लटकवू?"

दोन बाळं चार महिने बिनानावाची होती, माझ्यापायी. आणि मी रोज सकाळी देवासमोर पोळ्या मोजत होते.

पोरीला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, गाडी मिळाली, मोठ्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून उपचार केले. बारा दिवसांनी ती परत आली, वाळून गेलेली, पण जिवंत. त्यातले पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी बदलीचं नाव काढलं नाही देवाजवळ. फक्त तिला वाचव म्हणत होते.

गावी परतल्यावर टेकडी चढले आणि आईला फोनवर सगळं सांगितलं. भाताचंही. रडतच होते.

"कधीपासून नाई खाल्ला भात?" तिनं विचारलं.

"दहा महिने झाले."

"अन् अजूनबी नाई खात?"

खरंच, अजूनही धरला नव्हता. इतकं होऊनही आत कुठेतरी वाटत होतं की आता तोंडाशी आलंय, आता नवस मोडू नये. माणूस किती कोडगं असतं, ते मला तेव्हा कळलं.

"ठेव फोन," आई म्हणाली, आणि तिनंच ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर एक मोटरसायकल थांबली. मागे आई बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर बोचकं, एका हातात तांदळाची पिशवी. चामोर्शीहून आलापल्ली, तिथून पुढची एसटी, आणि शेवटी आमच्या आरोग्यसेवकाची गाडी. कंडक्टरनं एका एसटीतून उतरवून दुसरीत बसवून दिलं, म्हणाली. समोरचं तेवढं दिसणारी ती बाई, आयुष्यात कधी एकटी गावाबाहेर न गेलेली, नाताळाच्या तोंडावर आपलं चर्च सोडून आली होती. घराची किल्ली शेजारणीकडे दिली होती आणि दोन बकऱ्याही.

मी धावत जाऊन तिला मिठी मारली. ती अंग आखडून म्हणाली, "सोड, लोकं पाहून राह्यले." आणि मग, "तुही बदली होऊन नाई राह्यली ना? म्हून मीनंच करून घेतली आपली."

ती माझ्याजवळ तीन वर्षं राहिली आणि याच क्वार्टरमधून गेली. आज तिची खाट रिकामी आहे. तिची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. हे लिहितानाही उठून आत डोकावून आले. असो.

आई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आशाताईला बोलवायला लावलं आणि म्हणाली, "त्या तिनई घरी चाल." पहिल्या घरी आम्ही पोचलो. आई भिंतीला हात लावत आत गेली आणि सरळ जमिनीवर बसली. बोलली ती मराठीत, आशाताईनं माडियात सांगितलं. आई म्हणाली, "माह्या लेकीचं चुकलं. तिचं तुमच्याशी भांडण नाई. तिचं देवाशी भांडण सुरू हाये, अन् मार तुमाले बसला. जेवाले वाढा आमाले."

पानावर भात आला. मी बघत बसले. दहा महिन्यांनी भात समोर, आणि माझा हात पुढे होईना.

"आई, माझा नवस आहे," मी हळू म्हटलं.

"कोणाले बोलली नवस?"

"प्रभूला."

"त्यानं भात मांगतला काय तुले?" तिचा आवाज चढला नाही. "तू आपल्या मनानं सोडला, अन् आता त्याले म्हणतं, पाय, मी उपाशी हावो. हे प्रार्थना नाई वं माय. हे धरणं हाये. बापाच्या दारात बसून बापाले भेव दाखवून राह्यली तू. तो का वैरी हाये तुहा?"

मी पान पुढे ओढलं. पहिला घास घेतला आणि हुंदका आला, भात नाकात गेला, ठसका लागला. घरातली म्हातारी पाणी घेऊन धावली, पोरं हसायला लागली. आईनं शांतपणे आपलं पान संपवलं. मग दुसरं घर, मग त्या पोरीच्या सासूचं घर. तीन घरी तीन वेळा जेवलो. तिसऱ्या घरी लाल मुंग्यांची चटणी होती. आईला बाजूचं दिसत नव्हतं, तिनं बोटानं चाटली आणि म्हणाली, "आंबट हाये, चांगली लागते. कायची हाये?" मी सांगितलं नाही. म्हातारी मात्र आईच्या हाताला हात लावून बराच वेळ बसली होती. त्याच आठवड्यात त्या दोन बाळांची नावं ठेवली गेली, आणि दवाखान्यातून परतलेल्या त्या पोरीच्या बाळाचंही.

मग आमचे दिवस लागले. आई ओसरीवर बसायची. बायका माझ्याकडे औषधाला यायच्या आणि तिच्याजवळ बसायच्या. भाषा येत नव्हती, तरी तासन् तास बसायच्या. संध्याकाळी दोघी प्रार्थना करायचो, रविवारी दोघींची उपासना. आता गीत पूर्ण व्हायचं, कारण मी अडले की आई पुढचं कडवं उचलायची. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या ओसरीवर येऊन बसलं होतं. आणि मला ते कळलं नाही. खरं सांगते, नाही कळलं. मी रोज संध्याकाळी तेच म्हणत राहिले, प्रभू, माझी चामोर्शीला बदली कर. आई माझ्या शेजारी बसून ऐकायची, आमेन माझी मीच म्हणायचे.

कारण ती हुरहुर गेलीच नव्हती. दिवस मावळायला आला की छातीत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, आई नव्हती तेव्हा व्हायचं तसंच. मला वाटायचं, हे चामोर्शीचं आहे. घराचं आहे. तिथे गेलं की जाईल.

मे आला. सकाळी ओसरीवर मी बदलीच्या अर्जाचा कागद घेऊन बसले. नववा अर्ज. एव्हाना आईला फक्त उजेड-अंधार तेवढा कळत होता. बायका तिच्याकडे चारोळीच्या बिया आणून द्यायच्या आणि ती हातानं चाचपत दगडावर फोडायची. एकही दाणा चेचायची नाही.

"काय लिवून राह्यली?" तिनं विचारलं.

"अर्ज."

"वाचून दाखव बरं."

मी वाचलं. नाव, हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण. मग कारण. हे तर मी न बघताही म्हटलं असतं. "माझी आई वृद्ध असून ती चामोर्शी येथे एकटी राहते. तिची देखभाल करणारे दुसरे कोणी नाही."

तिचा हात थांबला.

"कोण राहते एकटी?"

मी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. माझ्यापासून दोन हातांवर बसली होती ती.

"मी तर इथी हावो," ती म्हणाली. "मंग तुले कोणाजवळ जावाचं हाये?"

मला राग आला. चोरी पकडली की येतो तसा. मी म्हटलं, "तुले काय समजते? नऊ वर्षं मी मांगून राह्यली. तू आली, मले आनंद हाये. पण ते जात नाई आतलं. संध्याकाळ झाली का जीव लागत नाई माहा. तू जवळ असून लागत नाई. मंग मी काय करू?" बोलता बोलता माझाच आवाज फुटला, कारण हे मी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आई जवळ असून माझं भागत नाही, हे कोणती लेक म्हणेल?

आईला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "मलेबी होते तसं. तुहा बाप होता तवाबी होये. तू पोटात होती तवाबी होये. मले आधी वाटे, हे पायजे, ते पायजे. मंग समजलं, हे काई पायजे म्हून नाई होत. हे त्याच्यासाठी होते. तो बलावते. त्याच्याजवळ जाऊन बसलं का उतरते. पुन्हा येते, पुन्हा बसाचं."

"आणि मागायचं नाही काही?"

"मांग ना. कोण नाई म्हणते?"

मी विचारलं, "तू काय मांगे नऊ वर्षं? माही बदली मांगत असशीन ना रोज?"

"नाई."

"एकदाही नाही?"

"मनात तर रोज ये," ती म्हणाली. "हात भाजला का ये. दिवा नाई दिसला का ये. लय वाटे का तू यावं. पण ओठावर येऊ देत नवती मी."

"काऊन पण?"

तिनं एक बी चाचपून दगडावर ठेवली.

"मांगतली असती तर त्यानं देल्ली असती ना वं. मंग या पोरीईचं कोण पायलं असतं?"

एवढं म्हणून ती पुढची बी फोडायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. मी नऊ वर्षं दार ठोठावत होते, कारण मला खात्री नव्हती की आत कोणी ऐकतंय. आणि ही बाई, अंधारात चौकटीला खांदा आपटत, भाजलेल्या हातावर तेल लावत, गप्प राहिली होती, कारण तिला पक्की खात्री होती. मागायला तिला भीती वाटत होती, की तो देऊन टाकील.

अर्ज त्या वर्षी गेला नाही. पुढेही नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. आधी आईनं केली, मग माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. मागायला काही नव्हतं. छातीतली ओढ होतीच, पण मी तिला कुठे पाठवलं नाही, तिच्यासकट तशीच त्याच्यासमोर बसून राहिले. पोटभर जेवल्यावर माणूस भिंतीला टेकून बसतं ना, तसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. आईला वाटलं मला झोप लागली.

"झाली काय?" तिनं विचारलं.

"झाली," मी म्हटलं.

"मंग आमेन म्हण."